मलिक अंबर : हबश देशातून दख्खनेत

दख्खनच्या इतिहासात परमुलखातून येऊन येथे नावारूपाला आलेल्या माणसांची संख्या थोडी नाही. बहमनी राजवटीपासून इराण, तुर्कस्तान आणि अरबस्तान या देशांतून विद्वान, व्यापारी, शिपाई आणि मुत्सद्दी या पठारावर येत राहिले. महमूद गावान हे त्यांतील सर्वांत ठळक नाव. ही मंडळी बहुधा आपखुशीने, नशीब काढण्यासाठी आली; त्यांच्या मागे त्यांचा देश, त्यांचे कूळ आणि त्यांची भाषा उभी होती. मात्र त्याच काळात समुद्रापलीकडून माणसांचा आणखी एक ओघ दख्खनेत येत होता आणि तो आपखुशीचा नव्हता. हबश म्हणजे आजच्या इथिओपिया देशातून पकडून विकलेली मुले आणि तरुण अरबी समुद्र ओलांडून येथे आणले जात. दख्खनी लोक त्यांना हबशी म्हणत. पुढे सिद्दी हा शब्दही रूढ झाला. अशाच एका विकल्या गेलेल्या मुलाने पुढे पाव शतक निजामशाही सांभाळली, अकबर आणि जहांगीर या दोन बादशहांच्या फौजांशी झुंज दिली, एक शहर वसवले आणि मराठी मुलखातील शेतसाऱ्याच्या पद्धतीला आपले नाव दिले. तो मलिक अंबर होय.

पैनगंगा आणि गोदावरी यांच्यामधल्या आदिलाबादच्या मुलखात राहणाऱ्या मराठी वाचकाला या चरित्राचे विशेष अगत्य वाटावे, याला दोन कारणे आहेत. एक तर हा भाग वऱ्हाड, मराठवाडा आणि तेलंगण यांच्या सरहद्दीचा, आणि अंबरच्या आरंभीच्या मोठ्या लढाया याच्या शेजारी, नांदेडच्या परिसरात झाल्या. दुसरे कारण अधिक जवळचे आहे. येथे मराठी, तेलुगू, गोंडी आणि उर्दू एकाच बाजारात कानी पडतात. १९४८ पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता, १९५६ मध्ये तो आंध्र प्रदेशात गेला आणि २०१४ पासून तेलंगणात आहे. सीमा सरकत गेल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या एकाच घरात राहणारी मराठी कुटुंबे जागची न हलता दुसऱ्या प्रांताची झाली. आपला मुलूख कोणता, हा प्रश्न अशा ठिकाणी केवळ पुस्तकी राहत नाही. अंबरपुढे तोच प्रश्न फार कठोर रूपात उभा राहिला होता आणि त्याने त्याचे उत्तर आपल्या कामातून दिले.

अंबरचा जन्म १५४८ च्या सुमारास झाला. त्याचे मूळ नाव चापू असे नोंदलेले आहे. इथिओपियाच्या दक्षिणेकडील कंबाटा हा त्याचा प्रदेश असावा, असे अभ्यासक मानतात. लहानपणीच तो गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती सापडला. युद्धात पकडलेली, पळवून नेलेली किंवा दारिद्र्यामुळे आईबापांनीच विकलेली मुले त्या काळी तांबड्या समुद्राच्या बंदरांवर आणली जात. तेथून पलीकडच्या तीरावरील मोखा बंदरात त्यांची विक्री होई. चापूही मोखा येथे विकला गेला. या व्यापाराची एक बाजू दख्खनच्या वाचकाने ध्यानात घेण्यासारखी आहे. इथिओपियात हिंदुस्थानच्या सुती कापडाला मोठी मागणी होती आणि त्या कापडाच्या बदल्यात तेथून सोने, हस्तिदंत आणि माणसे बाहेर पडत. म्हणजे ज्या व्यवहारात चापूचे घर तुटले, त्या व्यवहाराचा दुसरा धागा हिंदुस्थानातील मागांपर्यंत येऊन पोहोचत होता.

मोख्याहून तो बगदादला नेण्यात आला. तेथे मीर कासीम नावाच्या व्यापाऱ्याने त्याला विकत घेतले. मुलाची हुशारी ओळखून या धन्याने त्याला शिक्षण दिले, इस्लामची दीक्षा दिली आणि अंबर हे नवे नाव ठेवले. अंबर हे एका मौल्यवान सुगंधी द्रव्याचे नाव आहे. गुलामांना याकूत, काफूर, अंबर अशी रत्नांची आणि सुगंधांची नावे देण्याची त्या काळी चाल होती. नाव सुंदर असले तरी ते धन्याच्या मालमत्तेचे नाव होते. आईबापांनी दिलेले नाव, जन्मभाषा आणि जन्मदेश ही तिन्ही एका विक्रीपत्रासरशी संपली. पुढील आयुष्यात अंबर आपल्या देशाकडे परत गेला नाही.

१५७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत मीर कासीमने त्याला दख्खनेत आणले. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतले. येथे अंबरच्या नशिबाने पहिले वळण घेतले, कारण हा चंगीझखान स्वतः हबशी होता आणि एके काळी गुलाम होता. त्याच्या पदरी सुमारे एक हजार हबशी गुलाम होते. दख्खनच्या दरबारांत हबशी गुलामांचा उपयोग मुख्यतः शिपाईगिरीसाठी होई. ज्याला येथे कूळ नाही, जातभाई नाहीत आणि परतण्याचा मार्ग नाही, तो धन्याशी एकनिष्ठ राहील, हा त्यामागील हिशेब होता. अटलांटिक महासागरापलीकडे अमेरिकेत नेलेल्या आफ्रिकी माणसांच्या वाट्याला मळ्यांवरील मजुरी आली आणि त्यांच्या मुलाबाळांच्या कपाळीही तीच गुलामी लिहिली गेली. दख्खनेतील हबशी शिपायाला मात्र तलवारीच्या आणि बुद्धीच्या बळावर मुक्त होऊन सरदार होण्याची वाट होती. या फरकामुळे मूळ अन्याय सौम्य होत नाही. पण येथील हबशी इतिहासात केवळ दीन म्हणून न येता कर्ते पुरुष म्हणून का येतात, याचा उलगडा त्यातून होतो.

चंगीझखानाच्या पदरी अंबरने राज्यकारभार जवळून पाहिला. फौज कशी उभारावी, सरदारांचे रुसवेफुगवे कसे सांभाळावेत आणि सुलतानाची मर्जी किती चंचल असते, हे सर्व त्याला दिसले. त्यातील शेवटचा धडा फार कडू होता. १५७४-७५ च्या सुमारास सुलतान मुर्तजा निजामशहाने खोट्या संशयावरून या कर्तबगार पेशव्याला विष देवविले. धन्याच्या मृत्यूनंतर त्याच्या विधवेने अंबरला मुक्त केले. अंबरने विवाह केला. त्याच्या पत्नीचे नाव करीमा असे परंपरेने चालत आले आहे.

मुक्त झालेला अंबर आता स्वतःचा धनी होता, पण त्याच्याजवळ जहागीर नव्हती की घराण्याचे पाठबळ नव्हते. थोडे स्वार जमवून त्याने चाकरी शोधली. काही काळ तो विजापूरच्या आदिलशाहीत होता आणि तेथेच त्याला मलिक ही पदवी मिळाली. मात्र विजापुरात त्याचे मन रमले नाही आणि १५९५ च्या सुमारास तो आपल्या तुकडीसह निजामशाहीत परतला. तेथे अभंगखान या हबशी सरदाराच्या हाताखाली तो राहिला.

तो परतला तो काळ निजामशाहीच्या विनाशाचा होता. दरबारात दख्खनी आणि परदेशी असे दोन तट पडलेले होते. हबशी सरदार बहुतेक वेळा दख्खनी पक्षात असत आणि हे स्वाभाविक होते. इराणी उमरावाला प्रसंगी परत जाण्यासाठी देश होता, हबश्याला दख्खनेवाचून दुसरे ठिकाण उरलेले नव्हते. या दुहीचा फायदा घेऊन डिसेंबर १५९५ मध्ये मोगल फौजेने अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, वेढा घातला. चांदबिबीने किल्ला शौर्याने लढविला, परंतु १५९६ च्या तहात वऱ्हाड मोगलांना द्यावा लागला आणि पैनगंगेच्या परिसराला बादशाही सरहद्द येऊन भिडली. पुढे १६०० मध्ये चांदबिबीचा तिच्याच लोकांकडून खून झाला, अहमदनगरचा किल्ला पडला आणि बालसुलतान कैदेत ग्वाल्हेरला गेला. निजामशाही संपली, असे मोगलांना वाटले आणि तसे वाटण्यास कारणही होते.

याच वेळी अंबर पुढे आला. राजधानी गेली तरी मुलूख गेलेला नाही, हे त्याने ओळखले. निजामशाही घराण्यातील एक तरुण, शहा अलीचा मुलगा, त्याने शोधून आणला, परांड्याच्या किल्ल्यात त्याला मुर्तजा निजामशहा दुसरा म्हणून तख्तावर बसविले आणि आपली मुलगी त्याला दिली. त्यानंतर लगेच त्याने पूर्वेकडे, नांदेड आणि तेलंगणच्या बाजूस, मोगल ठाण्यांवर हल्ले सुरू केले. या आघाडीवर त्याला जय आणि पराजय दोन्ही पाहावे लागले. १६०१ मध्ये अबुल फजलचा मुलगा अब्दुर रहमान त्याच्यावर चालून आला आणि मांजरा नदीच्या परिसरात अंबरचा पराभव झाला. पुढच्याच वर्षी नांदेडजवळ खानखानानचा मुलगा इरज याच्याशी झालेल्या लढाईत तो जखमी होऊन पडला. त्याच्या हबशी साथीदारांनी त्याला रणातून उचलून नेले म्हणून तो वाचला. गोदावरीकाठी त्या दिवशी अंबर मेला असता, तर दख्खनचा पुढील इतिहास वेगळा झाला असता. हे प्राण त्याला त्याच्यासारख्याच देश हरवलेल्या माणसांनी परत दिले.

बरे झाल्यावर त्याने खानखानानशी तह केला, वेळ मिळविला आणि घरातला प्रतिस्पर्धी राजू दखनी याचा बंदोबस्त केला. राजूच्या ताब्यात निजामशाहीचा मोठा भाग होता. १६०७ च्या सुमारास राजू पकडला गेला आणि सर्व सत्ता अंबरच्या हाती आली. राजधानी परांड्याहून जुन्नरला आणि १६१० मध्ये देवगिरीला म्हणजे दौलताबादला आली. त्याच सुमारास अहमदनगरचा किल्लाही त्याने मोगलांकडून परत घेतला. या वेळी हिंदुस्थानात आलेल्या विल्यम फिंच या इंग्रज व्यापाऱ्याने अंबरच्या फौजेत सुमारे दहा हजार हबशी आणि चाळीस हजार दखनी असल्याची नोंद केली आहे.

हा आकडा अंबरच्या यशाचे मर्म सांगतो. केवळ हबशांच्या बळावर हे राज्य टिकणार नव्हते. त्याने मराठी शिपायाला आणि मराठा सरदारांना जवळ केले. लखुजी जाधवराव, मालोजी आणि विठोजी भोसले, पुढे शहाजी, अशी घराणी या काळात निजामशाहीच्या चाकरीत वाढली. मोगलांची फौज जड होती. तोफा, हत्ती, बुणगे आणि रसदीच्या बैलांचे तांडे घेऊन ती संथ चाले. अंबरने समोरासमोरची लढाई शक्यतो टाळली. हलक्या घोड्यांवरचे स्वार रात्री छापा घालीत, वैरण आणि धान्य तोडीत, शत्रूला डोंगरघाटांत ओढीत आणि दिसेनासे होत. ही युद्धपद्धती या भूमीच्या रचनेतूनच आलेली होती. अंबरने तिला शिस्त दिली आणि मराठा पथकांनी ती अंगी मुरविली. त्याच शतकात सह्याद्रीत जे घडले, त्याची एक पाठशाळा अंबरच्या छावणीत होती, असे म्हणण्यास हरकत नाही.

जहांगीर बादशहाला हा हबशी फार सलला. बादशहा आपल्या आत्मचरित्रात त्याच्या नावामागे अपशब्द जोडल्याशिवाय राहत नाही आणि त्यांतील अनेक शब्द त्याच्या काळ्या रंगावरून आहेत. १६१६ च्या सुमारास अबुल हसन या दरबारी चित्रकाराने काढलेले एक चित्र प्रसिद्ध आहे. त्यात जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा राहून, भाल्यावर खोवलेल्या अंबरच्या मस्तकावर बाण सोडीत आहे. हे चित्र डब्लिन येथील चेस्टर बीटी संग्रहात आहे. प्रत्यक्षात हे मस्तक बादशहाच्या हाती कधीच लागले नाही. चित्रकाराने केवळ धन्याची इच्छा रंगविली.

अर्थात अंबर अजिंक्य नव्हता. त्याच्या कडक कारभाराला आणि वाढत्या सत्तेला कंटाळून किंवा मोगलांच्या मोहाने काही सरदार फुटले. लखुजी जाधवरावही त्यांत होते. फेब्रुवारी १६१६ मध्ये जालन्याजवळ रोशनगाव येथे मोगलांनी त्याचा मोठा पराभव केला. शत्रू खडकीपर्यंत आला आणि त्याने ते शहर जाळले. १६१७ मध्ये शाहजादा खुर्रम, म्हणजे पुढचा शहाजहान, दख्खनेत आला तेव्हा अंबरला अहमदनगर आणि बालाघाटचा मुलूख सोडून तह करावा लागला. १६२० मध्ये त्याने पुन्हा उचल खाल्ली आणि त्याचे स्वार नर्मदेपलीकडे मांडूपर्यंत पोहोचले. १६२१ मध्ये खुर्रमने पुन्हा येऊन खडकी उद्ध्वस्त केली. दोन वेळा जळालेले हे शहर अंबरने दोन्ही वेळा उभे केले.

खडकी हे दौलताबादजवळचे लहानसे खेडे होते. १६१० मध्ये अंबरने तेथे शहर वसविले. मराठा सरदारांच्या नावांवरून मालपुरा, खेलपुरा, परसपुरा, विठापुरा असे पुरे वसल्याचे सांगितले जाते. पुढे त्याचा मुलगा फत्तेखान याने शहराला फतेहनगर म्हटले, १६५३ मध्ये औरंगजेबाने औरंगाबाद हे नाव दिले आणि २०२३ पासून ते छत्रपती संभाजीनगर आहे. भडकल दरवाजा, नौखंडा महाल आणि काळी मशीद या वास्तूंशी अंबरचे नाव जोडलेले आहे. परंतु त्याचे खरे स्मारक जमिनीखाली आहे. खडकीला मोठी नदी नाही आणि भूमी खडकाळ. अंबरने उत्तरेकडील डोंगरांच्या पायथ्याचे झिरपणारे पाणी भूमिगत नहरीत एकवटले आणि केवळ उताराच्या जोरावर शहरात आणले. वाटेत साफसफाईसाठी ठिकठिकाणी विहिरींसारखी तोंडे ठेवली. बंबे म्हणून ओळखले जाणारे उंच मनोरे बांधले. त्यांत पाणी चढे, कोंडलेली हवा बाहेर पडे आणि मग पाणी पुढे वाहत जाई. ही नहर-ए-अंबरी शतकानुशतके शहराची तहान भागवीत राहिली आणि तिचे अवशेष आजही आहेत. तिच्या धर्तीवर पुढे त्या शहरात आणखी नहरी झाल्या.

पाण्याइतकेच लक्ष त्याने शेताकडे दिले. सततच्या लढायांनी गावे ओसाड पडली होती आणि मक्तेदार रयतेकडून मिळेल तेवढे ओरबाडीत होते. अंबरने मक्त्याने वसुलीची चाल बंद केली. जमिनीची पाहणी करून तिची प्रत ठरविली आणि काही वर्षांच्या उत्पन्नावरून सरासरी काढली. सरकारचा भाग आरंभी धान्याच्या रूपाने पिकाच्या दोनपंचमांश घेतला जाई, पुढे नगदीत तो सुमारे एकतृतीयांश ठरला आणि पीक बुडाले तर सूट मिळे, असे या पद्धतीचे वर्णन केले जाते. पाटील, कुलकर्णी, देशमुख आणि देशपांडे यांची वतने त्याने मोडली नाहीत. त्यांच्याच हातून कारभार चालविला. गावचे दफ्तर मोडीत लिहिले जात होते, ते तसेच चालू राहिले. मलिकंबरी या नावाने ही पद्धत त्याच्यामागेही लोकांच्या तोंडी राहिली आणि शहाजीराजांच्या पुणे जहागिरीच्या व्यवस्थेतही तिचा आधार घेतला गेला. ज्याच्या नावावर जन्मभूमीत वीतभर जमीन उरली नव्हती, त्याचे नाव परक्या भूमीतील शेतकऱ्याच्या हिशेबात कायम झाले.

या चरित्राला काळी बाजू नाही, असे मात्र नाही. सत्ता टिकविण्यासाठी अंबरने निष्ठुर मार्गही पत्करले. १६१० मध्ये त्याने स्वतः तख्तावर बसविलेल्या मुर्तजाचा विषप्रयोगाने अंत झाला. त्याचे जे कारण पीटर व्हान डेन ब्रूक या डच व्यापाऱ्याच्या वृत्तांतात आले आहे, ते वाचकाला अंतर्मुख करणारे आहे. सुलतानाच्या इराणी बेगमेने अंबरच्या मुलीला गुलामाची मुलगी म्हणून हिणविले आणि त्यातून हा प्रकार घडला, असे तो सांगतो. ती बेगमही विषालाच बळी पडली. राज्याचा सर्वाधिकारी झाल्यावरही बाजारातील ती विक्री त्याच्या घराची पाठ सोडीत नव्हती. त्या जखमेचा सूड त्याने एका अपराध्यापुरता ठेवला नाही, हेही तितकेच खरे. सुलतानाच्या जागी त्याचा लहान मुलगा आला आणि कारभार अंबरकडेच राहिला. शिवाय स्वतः गुलामी भोगलेल्या अंबरच्या फौजेत विकत घेतलेले हबशी होतेच; ज्या प्रथेने त्याला घडविले आणि मोडले, ती त्याने बंद केली नाही. त्याच्या थोरवीचा विचार करताना हे बाजूला ठेवता येत नाही.

हाच डच व्यापारी १६१७ मध्ये त्याच्या छावणीत जाऊन त्याला भेटला होता. उंच, धिप्पाड बांधा आणि कठोर चेहरा असे त्याने अंबरचे वर्णन केले आहे. त्या वेळी अंबर सत्तरीच्या घरात होता. चापू हे त्याचे मूळ नाव आणि मोख्याची विक्री या गोष्टी याच व्यापाऱ्याच्या नोंदीमुळे आपल्यापर्यंत पोहोचल्या. इतक्या वर्षांनंतरही जन्माचे नाव पुसले गेलेले नव्हते, एवढे त्यावरून दिसते. आपल्या लोकांशी त्याचा संबंधही तुटला नव्हता. फत्तेखानासाठी त्याने विजापूरचा बलाढ्य सरदार याकूतखान याची मुलगी केली; हा याकूतखानही हबशीच होता. दख्खनी होताना हबशी असणे त्याने सोडले नाही आणि एक असण्यासाठी दुसरे सोडावे लागते, असे त्याच्या वागण्यात कोठे दिसत नाही.

१६२४ मध्ये त्याच्या आयुष्यातील सर्वांत मोठी कसोटी आली. मोगल आणि आदिलशाही एक झाल्या आणि त्यांच्या फौजा अंबरवर चालून आल्या. अंबर तेव्हा पंचाहत्तरी ओलांडलेला होता. अहमदनगरजवळ भातवडी येथे त्याने त्यांना गाठले. तेथील तलावाचा बांध फोडून त्याने शत्रूच्या छावणीत पाणी आणि चिखल केला, रसद तोडली, रात्रीचे छापे घातले आणि शेवटी निकराचा हल्ला केला. विजापूरचा सेनापती मुल्ला महंमद लारी मारला गेला आणि अनेक मोगल सरदार कैद झाले. शहाजी भोसल्यांचे शौर्य येथे उजळून निघाले. त्यांचे बंधू शरीफजी याच रणात पडले. शिवछत्रपतींच्या आश्रयाला असलेल्या परमानंद कवीने शिवभारतात या युद्धाचे वर्णन केले आहे आणि अंबरला वीर म्हणून गौरविले आहे. विजयानंतर अंबर विजापूरवर चालून गेला आणि त्याने सोलापूर घेतले. याच वेळी ज्याने खडकी उद्ध्वस्त केली होती, तो शहाजहान बापाविरुद्ध बंड करून अंबरच्याच आश्रयाला आला. मात्र विजयाचे हे दिवस थोडे ठरले. भातवडीनंतर वर्षभरातच शहाजी त्याला सोडून विजापूरकडे गेले.

मे १६२६ मध्ये, ऐंशीच्या घरात असताना, मलिक अंबरचे निधन झाले. खुलदाबाद येथे सूफी संतांच्या दर्ग्यांजवळ, आधीच बांधून घेतलेल्या मकबऱ्यात त्याला पुरण्यात आले. त्याच्या मृत्यूची वार्ता मोगल दरबारात पोहोचली तेव्हा बादशाही इतिहासकार मुतमदखान याने युद्धकौशल्यात, न्यायात आणि कारभारात त्याच्या तोडीचा दुसरा पुरुष नव्हता, या आशयाची नोंद केली. जिवंतपणी ज्या दरबाराने त्याला शिव्याच दिल्या, त्याच्याकडूनच हा न्याय मिळाला.

त्याच्या मागे राज्य फार काळ टिकले नाही. फत्तेखानाला बापाची बुद्धी लाभली नाही. त्याने सुलतानाचा खून करविला आणि १६३३ मध्ये दौलताबादचा किल्ला मोगलांच्या हवाली केला. त्यानंतर शहाजीराजांनी निजामशाही वंशातील एका मुलाला पेमगिरीच्या किल्ल्यावर तख्तावर बसवून १६३६ पर्यंत लढा चालू ठेवला. परांड्याला अंबरने जे केले होते, तेच हे होते. अंबरचा वारसा त्याच्या मुलापेक्षा मराठा सरदाराच्या हातात अधिक काळ जिवंत राहिला.

हबशी समाजाची कहाणीही येथे संपत नाही. जंजिऱ्याच्या सिद्दींचे राज्य १९४८ पर्यंत चालले. गुजरातेत आणि उत्तर कन्नड जिल्ह्याच्या रानांत सिद्दींच्या वस्त्या आहेत. उत्तर कन्नडातील सिद्दी कोकणी, कन्नड आणि मराठी बोलतात. तेलंगणातही ही खूण आहे. हैदराबादच्या निजामाच्या पदरी आफ्रिकी वंशाच्या स्वारांचे एक पथक होते. १९४८ नंतर ते मोडले, तरी राजधानीतील ए. सी. गार्ड्‌स या वस्तीच्या नावात ते आजही उरले आहे. दख्खनेत मात्र हबशी गुलाम आणण्याची प्रथा सतराव्या शतकात ओसरत गेली आणि आधी आलेल्यांच्या पुढच्या पिढ्या येथल्या समाजात मिसळून गेल्या.

मलिक अंबरचे नाव आपल्याकडे बहुधा गनिमी काव्याच्या किंवा महसुलाच्या प्रकरणात ओझरते येते. त्याचे संपूर्ण चरित्र वाचल्यावर त्यातील एक गोष्ट मनावर ठसते. मुलूख आपला होतो तो जन्माने, असे आपण सहज म्हणतो. अंबरच्या बाबतीत जन्माचा हा आधार नव्हता. त्याने या भूमीचे पाणी शोधले, तिच्या शेताची प्रत ओळखली, तिच्या माणसांना बरोबर घेतले आणि तिच्यासाठी जखमा सोसल्या. त्याच्याकडून चुकाही झाल्या, त्याही येथलाच एक माणूस म्हणून. भाषेच्या आणि प्रांतांच्या सरहद्दीवर राहून शंभर वर्षे मराठी ग्रंथ जतन करणाऱ्या वाचकांना याहून वेगळे काही सांगावे लागेल, असे वाटत नाही. त्यांनीही आपला मुलूख असाच, जेथे आहेत तेथे काम करून, आपला केला आहे.